आठ तासांचा दिवस : हिवाळ्यातील बर्नाबी, उभयतांसाठी

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बर्नाबीत सूर्य सकाळी आठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी सव्वाचारला मावळतो. मुंबई-पुण्यात वर्षातील सर्वांत लहान दिवसही जवळजवळ ११ तासांचा असतो. येथे तो आठ तासांहून थोडासाच अधिक. कार्यालयात नोकरी करणारा माणूस अंधारात घराबाहेर पडतो आणि अंधारातच परततो. जोडीदार अजून नोकरीच्या शोधात असेल, तर त्याचा किंवा तिचा बहुतेक दिवस चौथ्या-पाचव्या मजल्यावरील सदनिकेच्या खिडकीआड जातो. भारतातून नव्याने आलेल्या अनेक दांपत्यांचा पहिला हिवाळा असाच सरतो, आणि मार्चमध्ये लक्षात येते की ज्या शहरात राहतो ते शहर अजून पाहिलेलेच नाही.

व्हँकूवरला लागून असलेले बर्नाबी हे सुमारे अडीच लाख वस्तीचे शहर. पर्यटकांच्या यादीत त्याचे नाव सहसा नसते. मात्र हिवाळ्यातील एखादा शनिवार नीट आखला, तर तळे, डोंगर, पक्षी आणि शंभर वर्षांपूर्वीची बाजारपेठ हे सारे मोटारीवाचून एका दिवसात पाहता येते. तो दिवस कसा आखावा, आणि या काळात घराबाहेर पडणे ही केवळ हौस का नव्हे, याचा हा विचार.

सूर्य इतका खाली का?

बर्नाबी उत्तर अक्षांश ४९ अंशांच्या थोडे वर आहे. मुंबई १९ अंशांवर. डिसेंबरच्या अयनदिनी मुंबईत मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंश वर असतो, तर बर्नाबीत जेमतेम १७ अंश. परिणामी भर दुपारी बारा वाजता माणसाची सावली त्याच्या उंचीच्या तिपटीहून लांब पडते. समोरचा इमारतीचा मनोरा असो वा देवदारांची रांग, सूर्य तिच्या आड गेला की तेथपुरता दिवस संपला.

किरण इतके तिरपे असले की त्यांना वातावरणाचा जाड थर ओलांडावा लागतो आणि ज्या अतिनील किरणांमुळे त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते, ते वाटेतच शोषले जातात. या अक्षांशावर हिवाळ्याच्या ऐन महिन्यांत ही निर्मिती जवळजवळ थांबते. सावळ्या त्वचेला मुळातच अधिक ऊन लागते, म्हणून भारतीयांच्या बाबतीत ही उणीव लवकर जाणवू शकते. तिची भरपाई आहारातून वा वैद्यकीय सल्ल्याने घेतलेल्या गोळ्यांतूनच होते, फिरण्याने नव्हे.

फिरण्याचा लाभ निराळा आहे. डोळ्यांत शिरणारा उजेड शरीराचे घड्याळ लावत असतो. कार्यालयातील दिव्यांचा उजेड साधारण ३०० ते ५०० लक्स असतो. ढगाळ दिवशीही दुपारी उघड्यावर तो हजारोंच्या घरात जातो. म्हणजे आभाळ भरून आलेले असले तरी बाहेरचा अर्धा तास खोलीतील सर्व दिव्यांवर मात करतो. हिवाळ्यात येणाऱ्या विषण्णतेला ‘ऋतुजन्य भावविकार’ म्हणून वैद्यकीय ओळख मिळाली ती नॉर्मन रोझेन्थाल व त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९८४ मधील शोधनिबंधाने. प्रखर प्रकाश हा तेव्हापासून तिच्यावरील एक मान्य उपचार आहे. सतत झोप, गोडाची ओढ, माणसांचा कंटाळा ही लक्षणे आठवडेच्या आठवडे टिकली, तर ‘हवा मानवली नाही’ एवढ्यावर न थांबता डॉक्टरांना गाठणे इष्ट. आणि ही गोष्ट स्वतःपेक्षा जोडीदाराच्या आधी ध्यानात येते.

हिवाळ्यातला पावसाळा

मराठी मनात पाऊस म्हणजे ज्येष्ठ-आषाढ. येथे ते गणित उलटे आहे. उन्हाळा कोरडा, आणि पाऊस ऑक्टोबर ते मार्च. व्हँकूवर विमानतळावर वर्षभरात सुमारे १,२०० मिलिमीटर पाऊस नोंदला जातो. मुंबईच्या मानाने तो कमीच. पण मुंबईचा पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो, तर येथील पाऊस वर्षातील १६०च्या आसपास दिवसांवर भुरभुरत राहतो. ‘पाऊस थांबला की निघू’ असे म्हणणारे घरातच राहतात.

म्हणून पोशाख पावसाचाच हवा. सुती कपडा पाणी धरून ठेवतो आणि अंगाची ऊब खेचून घेतो. जीन्स एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही. आत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ थर, त्यावर उबदार थर आणि सर्वांत वर टोपी असलेले जलरोधक जाकीट ही येथील रीत. छत्री वाऱ्यात टिकत नाही. पायात ओल्या लाकडी फळ्यांवर न घसरणारे बूट असावेत.

प्रवासासाठी स्कायट्रेन व बस पुरेशी आहे. शहरात स्कायट्रेनची ११ स्थानके आहेत. शनिवार-रविवारी व सुट्टीच्या दिवशी संपूर्ण जाळ्यावर एकाच झोनचे भाडे लागते, म्हणून असा बेत त्या दिवशी करणे किफायतीचे. दिवसभराचा पासही मिळतो.

सकाळ : तळ्यावरचे पाहुणे

उजाडल्यावर फार वेळ न दवडता, नऊच्या सुमारास मिलेनियम मार्गावरील प्रॉडक्शन वे–युनिव्हर्सिटी स्थानकावर उतरावे. तेथून सुमारे अर्ध्या तासाच्या चालीवर बर्नाबी तळ्यातील ‘पायपर स्पिट’ हा पाण्यात शिरलेला भूभाग व त्याचा लाकडी धक्का आहे. हिवाळ्यात उत्तरेकडील प्रदेश गोठू लागला की बदकांचे थवे या उथळ पाण्यावर उतरतात. माणसांना ती इतकी सरावलेली असतात की दुर्बिणीची गरज पडत नाही.

त्यांतच लांब टोकदार शेपटीचे तलवार बदक दिसते. हाच पक्षी हिवाळ्यात सायबेरियाकडून भारतात उतरतो. पैठणच्या जायकवाडी जलाशयावर तो ज्यांनी पाहिला असेल, त्यांना तो येथे ओळखीचा वाटेल. जात एकच, हिवाळी मुक्काम निराळे. पक्ष्यांना खाऊ घालण्यास मात्र येथे मनाई आहे. शेव-कुरमुऱ्यांची पुडी पिशवीतच ठेवावी.

तळ्याला नाव मिळाले ते रॉबर्ट बर्नाबी यांचे. रॉयल इंजिनिअर्सचे कर्नल रिचर्ड मूडी यांचे ते खासगी सचिव. १८५९ मध्ये त्यांनी या तळ्याच्या परिसराची पाहणी केली. पुढे १८९२ मध्ये स्थापन झालेल्या नगरपालिकेनेही तेच नाव घेतले. ज्यांच्या नावाने आज अडीच लाख लोक आपला पत्ता लिहितात, ते बर्नाबी स्वतः काही वर्षांनी इंग्लंडला परतले आणि तेथेच वारले. त्यांच्या येण्यापूर्वी हजारो वर्षे येथे वावरणाऱ्या कोस्ट सेलिश लोकांनी या तळ्याला, ओढ्यांना व डोंगराला दिलेली नावे अलीकडे फलकांवर पुन्हा दिसू लागली आहेत.

मध्यान्ह : डोंगर, विद्यापीठ आणि देवांचे अंगण

त्याच स्थानकावरून १४५ क्रमांकाची बस बर्नाबी डोंगरावरील सायमन फ्रेझर विद्यापीठात नेते. दिवसातील सर्वांत प्रखर उजेडाची वेळ या डोंगरासाठी राखून ठेवावी.

विद्यापीठ सुमारे ३६५ मीटर उंचीवर आहे. ही उंची सिंहगडाच्या निम्मीही नाही. परंतु हिवाळ्यात ती निर्णायक ठरते. हवा वर चढताना दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे पायथ्याहून माथ्यावर सुमारे दोन अंशांचा फरक. पायथ्याशी दोन अंश तापमान असेल, तर खाली पाऊस आणि वर हिम अशी स्थिती एकाच वेळी असू शकते. बसमध्ये भिजलेल्या छत्र्या घेऊन बसलेली मंडळी दहा-पंधरा मिनिटांत पांढऱ्या जगात उतरतात. कधी याच्या उलटही घडते. थंड जड हवा खोऱ्यात साचून खाली धुके दाटते आणि माथ्यावर लख्ख ऊन पडते. हिमवृष्टी जोरात असेल तर बससेवा खंडित होते. निघण्यापूर्वी खातरजमा केलेली बरी.

विद्यापीठ सप्टेंबर १९६५ मध्ये सुरू झाले. आर्थर एरिक्सन व जेफ्री मॅसी या दोन वास्तुविशारदांचा आराखडा स्पर्धेतून निवडला गेला. त्यांनी शिखरावर उंच मनोरे उभारले नाहीत. डोंगराच्या कण्याला धरून आडव्या पसरलेल्या, काँक्रीटच्या इमारती रचल्या आणि त्यांना आच्छादित वाटांनी जोडले. मध्यभागी काचेच्या विशाल छताखाली उघडा चौक आहे. पावसाच्या प्रदेशातील विद्यार्थ्याला कोरडे राहूनही मोकळ्या हवेत एकमेकांना भेटता यावे, हा त्यामागील विचार. राखाडी आभाळाखाली राखाडी काँक्रीट अनेकांना उदास वाटते. छतावर पाऊस वाजत असताना त्या चौकात पाच मिनिटे उभे राहिल्यावर ते छत तेथे का आहे हे पटते. आवारात टेरी फॉक्स यांचा पुतळा आहे. याच विद्यापीठाच्या या विद्यार्थ्याने कर्करोगाने एक पाय गमावल्यावर १९८० मध्ये कृत्रिम पायावर १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर अंतर धावून कापले.

आवारातून थोडे पश्चिमेकडे चालत गेल्यावर बर्नाबी माउंटन पार्क लागते. तेथील उतारावर कोरीव लाकडी खांबांचा समूह उभा आहे. त्याचे नाव ‘कामुई मिंतारा’. जपानच्या होक्काइदो बेटावरील ऐनू या आदिवासी समाजातील नुबुरी तोको व त्यांचे पुत्र शुसेई तोको यांनी ते कोरले. होक्काइदोवरील कुशिरो हे बर्नाबीचे १९६५ पासूनचे भगिनीनगर. त्या नात्याच्या पंचविशीनिमित्त ही शिल्पे आली. ‘कामुई’ म्हणजे देव. इंग्रजीत या शिल्पाला देवांचे क्रीडांगण म्हणतात. मराठीत ‘देवांचे अंगण’ म्हटले तर अर्थ अधिक जवळ येतो.

त्या अंगणातून उत्तरेला बरार्ड खाडी दिसते. पायथ्याशी बार्नेट येथे विसाव्या शतकाच्या आरंभी मोठी लाकूड-गिरणी होती. तेथे राबणाऱ्यांत पंजाबातून आलेले कामगारही होते. १९०७ पासून ब्रिटिश कोलंबियातील भारतीयांना मताधिकार नव्हता; तो १९४७ मध्ये परत मिळाला. याच खाडीच्या मुखाकडे, व्हँकूवरच्या किनाऱ्याजवळ, १९१४ मध्ये ‘कोमागाता मारू’ हे ३७६ प्रवाशांचे जहाज दोन महिने अडवून ठेवले गेले आणि बहुतेकांना माघारी पाठवले गेले. आज संगणकावर अर्ज भरून, विमानाने आलेल्या मराठी व्यावसायिकाला मिळणारे नागरी हक्क त्या गिरणी कामगारांच्या चार दशकांच्या झगड्यावर उभे आहेत. याच पाण्यावर आता तेलवाहू जहाजेही दिसतात. अल्बर्टातून येणाऱ्या ट्रान्स माउंटन वाहिनीचा विस्तार मे २०२४ मध्ये कार्यान्वित झाला. त्यापूर्वी २०१८ मध्ये या डोंगराच्या पायथ्याशी त्याविरुद्ध निदर्शने होऊन दोनशेहून अधिक लोकांना अटक झाली होती. सुंदर देखाव्यामागे एवढा इतिहास आहे हे ठाऊक असले, तर तेथे घालवलेला तास निव्वळ छायाचित्रांपुरता उरत नाही.

दुपार : हेस्टिंग्ज स्ट्रीट

दीडच्या सुमारास आर-५ बसने हेस्टिंग्ज स्ट्रीटवर उतरावे. ‘द हाइट्स’ म्हणून ओळखला जाणारा हा टापू जुन्या स्थलांतरितांचा; इटालियन कुटुंबांची पावाची, चीजची व कॉफीची दुकाने येथे पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहेत. गरम सूप आणि कॉफी घेऊन अर्धा तास बसणे हाही दिवसाच्या आखणीचा भाग समजावा. ओले मोजे बदलण्याची हीच वेळ. साडेतीनच्या आत मात्र तेथून निघायला हवे, कारण पुढचा कार्यक्रम घड्याळाने नव्हे, सूर्याने ठरवलेला आहे.

तिन्हीसांज : कावळ्यांचा मुक्काम

ब्रेंटवूड स्थानकापासून विलिंग्डन मार्गाने दक्षिणेकडे उतरले की स्टिल क्रीक नावाचा ओढा लागतो. परिसर देखणा मुळीच नाही: गोदामे, कचेऱ्या, वाहनतळ आणि महामार्गाचा आवाज. पण हिवाळ्यात सूर्यास्ताच्या आसपास व्हँकूवरपासून आसपासच्या साऱ्या उपनगरांतून कावळ्यांच्या रांगा याच दिशेने येऊ लागतात. प्रथम दहा-वीस, मग शेकडो, आणि अर्ध्या तासात झाडे, विजेच्या तारा, छपरांच्या कडा काळ्या होतात. संख्या हजारोंची असते. कित्येक दशकांपासून त्यांचा रात्रीचा मुक्काम येथेच आहे.

ते का जमतात, याची कारणे पक्षितज्ज्ञ अशी सांगतात. समूहात घुबडासारख्या शिकाऱ्याचा धोका वाटला जातो. दाट झाडीत वारा कमी लागतो. आणि कोणता कावळा पोट भरून आला हे इतरांना कळत असल्याने दुसऱ्या दिवशीच्या अन्नाचा माग लागतो. रस्त्यावरील दिव्यांच्या उजेडात शिकारी लवकर दिसतो, म्हणून गजबजलेली वस्ती त्यांना अडचणीची वाटत नसावी. उन्हाळ्यात घरट्यांच्या काळात प्रौढ जोड्या आपापल्या हद्दीत राहतात. पिल्ले मोठी झाली की मेळावा पुन्हा भरू लागतो.

हा कावळा भारतातील करड्या मानेच्या गावकावळ्यासारखा नाही. तो पूर्ण काळा आहे. पूर्वी या किनाऱ्यावरील कावळ्यांची स्वतंत्र जात मानत. अमेरिकी पक्षितज्ज्ञांच्या संस्थेने २०२० मध्ये ती अमेरिकन कावळ्यातच समाविष्ट केली.

मराठी माणसाला हे दृश्य केवळ निसर्गाचे वाटणे अवघड आहे. ज्ञानदेवांच्या विरहिणीत कावळ्याला शकुन विचारलेला आहे. दारात कावळा ओरडला की पाहुणा येणार, असे आजी सांगते. दहाव्याच्या पिंडाला तो शिवेपर्यंत नदीकाठी नातलग ताटकळत उभे राहतात. परदेशी राहणाऱ्यांपैकी किती जणांना त्या दहाव्याला वेळेत पोहोचता येत नाही, हे या वाचकवर्गाला निराळे सांगायला नको. रजा मिळत नाही, पारपत्र व्हिसाच्या कार्यालयात अडकलेले असते, तिकीट मिळते तोवर विधी उरकलेले असतात. अशा उभयतांना स्टिल क्रीकच्या काठी, तिन्हीसांजेला, डोक्यावरून जाणाऱ्या त्या काळ्या रांगांकडे पाहताना काय वाटेल ते ज्याचे त्याने जाणावे. तेथे खाद्य टाकू नये, टाळ्या वाजवून थवा उडवू नये. शांत उभे राहावे. थवा रात्रीसाठी स्थिरावायला पाऊण तास पुरतो.

आणखी एक गोष्ट त्याच ओढ्याची. कारखान्यांच्या सांडपाण्याने जवळजवळ मृत झालेल्या स्टिल क्रीकमध्ये लोकांच्या व पालिकांच्या अनेक वर्षांच्या प्रयत्नांनंतर २०१२ मध्ये सुमारे ८० वर्षांनी चम जातीचे सामन मासे परतले. समुद्रातून फ्रेझर नदी, ब्रुनेट नदी आणि सकाळी पाहिलेले बर्नाबी तळे ओलांडून ते जन्मजलाकडे आले. मुळा-मुठेच्या काठी वाढलेल्यांनी ही बातमी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

रात्र : शंभर वर्षांपूर्वीचे गाव

पाच वाजता पूर्ण काळोख होतो. पण दिवस संपवण्याचे कारण नाही. डिअर लेकजवळील बर्नाबी व्हिलेज म्युझियम हे १९७१ मध्ये उघडलेले खुले संग्रहालय १९२०च्या दशकातील गावाचे रूप जपते. लोहारशाळा, छापखाना, शाळेची खोली, चिनी वैदूचे औषधांचे दुकान आणि व्हँकूवर परिसरात स्कायट्रेनच्या कितीतरी आधी धावणाऱ्या आंतरनगरीय ट्रामचा १२२३ क्रमांकाचा डबा तेथे पाहता येतो. नाताळच्या मोसमात सायंकाळी हे गाव दिव्यांनी उजळते. संग्रहालयात प्रवेश निःशुल्क असतो. दिवस व वेळा आधी पाहून घ्याव्यात.

येथील खरे आकर्षण म्हणजे लाकडी घोड्यांचे चक्र. कॅन्ससमधील लेव्हनवर्थ येथे सी. डब्ल्यू. पार्कर यांच्या कारखान्यात १९१२ मध्ये ते बनले आणि १९३६ मध्ये व्हँकूवरच्या जत्रेच्या मैदानावर आले. अर्धशतकानंतर ते सुटे करून एकेक घोडा विकला जाण्याची वेळ आली, तेव्हा नागरिकांनी संस्था स्थापून, पैसे जमवून ते वाचवले. १९९३ पासून ते येथे फिरते आहे. अल्प शुल्क भरून त्यावर प्रौढांनाही बसता येते. गावच्या जत्रेतील पाळण्यात बसून वीस वर्षे झालेल्या जोडप्याने संकोच बाळगू नये.

पाऊस कोसळलाच तर

डोंगर धुक्यात बुडाला किंवा मुसळधार लागली, तर दुपार निक्केई राष्ट्रीय संग्रहालयात घालवावी. एडमंड्स परिसरातील ही इमारत २००० मध्ये उघडली. ती रेमंड मोरियामा यांनी रचली. मोरियामा व्हँकूवरमध्ये जन्मले आणि बालपणीच कुटुंबासह छावणीत डांबले गेले. १९४२ मध्ये सुमारे २२,००० जपानी कॅनेडियनांना किनाऱ्यावरून हुसकावण्यात आले. त्यांतील बहुसंख्य जन्माने वा नागरिकत्वाने कॅनेडियन होते. त्यांच्या होड्या, घरे, शेते विकली गेली. किनाऱ्यावर परतण्याची मुभा मिळाली ती १९४९ मध्ये, म्हणजे युद्ध संपून चार वर्षे झाल्यावर. शासनाची क्षमायाचना व भरपाई १९८८ मध्ये. नागरिकत्वाच्या शपथेची तयारी करणाऱ्या कोणत्याही दांपत्याने हा कक्ष पाहिलेला असावा. नागरिकत्व काय देते, आणि एखाद्या भीतीच्या क्षणी ते काय देऊ शकत नाही, या दोन्ही गोष्टी तेथे कळतात.

तिळातिळाने

एवढ्या सगळ्याचा खर्च दोघांचे प्रवासभाडे, एक जेवण आणि चक्राचे तिकीट इतकाच. महत्त्वाचे ते बाहेर काढलेले तास. महिन्यातून दोन शनिवार असे घडले, तरी हिवाळ्याचे ओझे एकट्याच्या खांद्यावर राहत नाही.

आणि उजेड परततो, तो येथे झपाट्याने परततो. संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने वाढतो अशी आपली म्हण आहे. मुंबईत ते अक्षरशः खरे आहे. जानेवारीच्या मध्यावर तेथे दिवस रोज अर्ध्या मिनिटाच्या आसपास वाढतो. बर्नाबीत त्याच सुमारास तो रोज सुमारे दोन मिनिटांनी आणि मार्चमध्ये साडेतीन मिनिटांनी वाढतो. जानेवारीअखेर दिवस अयनदिनापेक्षा तासाहून अधिक मोठा झालेला असतो, आणि रथसप्तमीच्या सुमारास पाचच्या ठोक्याला कार्यालयातून बाहेर पडणाऱ्याला पश्चिमेकडे पुन्हा उजेड दिसू लागतो. तोवर स्टिल क्रीकचे कावळेही रोज थोडे उशिरा परततात.